झाडाचा पत्ता

झाडाचें नांव विचारणारीं माणसें पुष्कळ भेटतात. पण त्याचा पत्ता विचारणारा मनुष्य क्वचितच भेटतो. हें फूल कशाचें, हें फळ खातात कीं नाहीं, ह्या सालीचा औषधी उपयोग काय, इतकें समजलें म्हणजे आपलें समाधान होतें. तें झाड तेथेंच कां उभें आहे, दोन कोसांवर पलीकडे कां नाहीं, हा प्रश्न सहसा आपल्या मनांत येत नाहीं. मलाहि तो कदाचित् कधीं पडला नसता. परंतु माझें घर सोलापुरास आणि आजोळ वाईस असा योग जुळून आल्यामुळें लहानपणापासून वर्षांतून एकदां तरी तो माझ्यापुढें उभा राहत आला आहे.

नकाशा उघडून पाहिला तर सोलापूर आणि महाबळेश्वर हीं दोन गांवें जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत असें दिसून येईल. सोलापूर साडेसतरा अंशांच्या किंचित् वर, तर महाबळेश्वर अठरा अंशांच्या किंचित् खालीं. दोहोंमधील सरळ अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर. सूर्याचें येणेंजाणें दोन्ही गांवांना जवळजवळ सारखेंच. दोहोंच्या पायाखालचा काळा पाषाणहि एकच. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर सांचून दख्खनचें जें पठार बनलें, त्याच थरांवर हीं दोन्ही गांवें वसलीं आहेत. असें असतां सोलापुरास वर्षाकाठीं सरासरी साडेसहाशें-सातशें मिलिमीटर पाऊस पडतो, आणि महाबळेश्वरास साडेपांच ते सहा हजार! तेथें एकट्या जुलै महिन्यांत सुमारें दोन हजार मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे आम्हां सोलापूरकरांची जवळजवळ तीन वर्षांची बेगमी. एका अक्षांशाच्या, एका पाषाणाच्या ह्या दोन भावंडांची निसर्गानें अशी विषम वांटणी करून ठेवली आहे.

मे महिन्यांत आम्ही सोलापुराहून निघत असूं. पंढरपूर मागें पडलें, म्हसवड आलें, गोंदवल्यास उतरून दर्शन झालें, दहिवडी आणि पुसेगांव ओलांडलें, तरी खिडकींतून दिसणारीं झाडें तींच असत: बाभूळ, हिवर, बोर, लिंब, माळावर तरवड आणि निवडुंग, ओढ्याच्या कांठीं एखादा करंज किंवा जांभूळ. शंभुमहादेवाच्या डोंगरांवर त्या दिवसांत हिरवा पाला शोधावा लागे. वाईस कृष्णेच्या कांठीं वड, चिंच, आंबा अशीं गर्द झाडें भेटत. पण तीं नदीच्या ओलाव्यावर आणि माणसाच्या जोपासनेवर वाढलेलीं. खरें नवल पुढें, पसरणीच्या घाटांत. तेथें पहिल्या वळणांवर पळस, पांगारा, गेळा, करवंदीच्या जाळ्या आणि वाळलेलें गवत. पांचगणीस पोहोंचल्यावर हवा गार होई आणि सिल्व्हर ओकच्या उंच रांगा दिसत. परंतु तीं झाडें मूळचीं ऑस्ट्रेलियांतलीं, माणसानें आणून लावलेलीं. गांवालगतचीं सपाट पठारें उघडींच. तेथून अवघे एकोणीस किलोमीटर गेल्यावर मात्र एकाएकीं दिवस मावळल्यासारखें होई. दोन्ही बाजूंनीं अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ह्यांचें सलग, बुटकें, दाट रान. खोडांवर वाळलेलें शेवाळ, फांद्यांवर आमरीचे झुबके. महिना तोच, सूर्य तोच. पण येथें रान पानांनीं भरलेलें.

माझे मामा म्हणत कीं, पांचगणी आणि महाबळेश्वर ह्यांच्यामध्यें ढगांचें जकातनाकें आहे. सगळा माल तेथेंच उतरवून घेतात. विनोदानें सांगितलेली ही गोष्ट शास्त्राच्या दृष्टीनें फारशी चूक नव्हती. समुद्रावरून आलेली ओलसर हवा सह्याद्रीच्या कड्यावर आदळून वर चढते, चढतांना थंड होते आणि आपल्या जवळचें पाणी सोडून देते. कडा ओलांडून ती पूर्वेकडे उतरूं लागली कीं पुन्हां तापते आणि तिची पाऊस पाडण्याची शक्ति ओसरते. म्हणून पांचगणीस महाबळेश्वरच्या मानानें जेमतेम तिसरा हिस्सा पाऊस, आणि घाट उतरून वाईस आलें तर हजार मिलिमीटरच्याहि आंत. हें सारें तीस-बत्तीस किलोमीटरांत घडतें. आमचें सोलापूर ह्या पर्जन्यछायेंत फार आंत बसलेलें. आमचा मोठा भरंवसा जुलैपेक्षां सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर. आणि तो लहरी पाहुणा कोणत्या वर्षीं येईल व कोणत्या वर्षीं पाठ फिरवील ह्याचा नेम नाहीं.

येथवरची गोष्ट शाळेंतल्या भूगोलाची आहे, आणि ‘जेथें पाऊस अधिक तेथें रान अधिक’ एवढ्यावर ती संपते. मीहि बरींच वर्षें तेवढ्यावर समाधान मानीत असें. पण झाडांचा हिशेब वर्षाच्या एकूण पावसावर चालत नाहीं. कोरड्या महिन्यांवर चालतो. एका गृहस्थाला वर्षाचा सगळा पगार जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत मिळाला आणि पुढें आठ महिने एक पैहि हातीं आली नाहीं, आणि दुसऱ्याला त्याच्या निम्माच पगार, पण महिन्याच्या महिन्याला मिळत गेला, तर कोणाचा संसार अधिक स्वस्थपणें चालेल? पहिल्याच्या घरांत पैसा अधिक येतो खरा; पण तो सांठवून ठेवण्याची सोय नसेल तर होळीच्या सुमारास त्याच्याच घरीं उसनवारी सुरू व्हावयाची. महाबळेश्वरचें रान हें अशा पहिल्या गृहस्थाचें घर आहे.

सह्याद्रीची रांग दक्षिणोत्तर अशी पसरलेली असल्यामुळें ह्या गोष्टीची परीक्षा पाहण्यास ती फार सोयीची आहे. पाँडिचेरी येथील फ्रेंच संस्थेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ पास्काल ह्यांनीं १९८८ सालीं ह्या रांगेच्या सदाहरित अरण्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दक्षिणेकडून उत्तरेकडे यावें तसतसे कोरडे महिने वाढत जातात, आणि त्याबरोबर झाडांच्या जाति कशा बदलत व कमी होत जातात, हें त्यांत पद्धतशीर दाखविलें आहे. केरळच्या दक्षिण टोकाकडील डोंगरांस वळवाचा, नैर्ऋत्येचा आणि ईशान्येचा असे तीन पाऊस मिळतात. तेथें कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा. महाबळेश्वराकडे तो सात-आठ महिन्यांवर जातो. म्हणून महाबळेश्वरास पाऊस धोधो पडत असूनहि दक्षिणेकडील अरण्यांतले किती तरी उंच, नाजूक प्रकृतीचे वृक्ष इकडे येऊं शकलेले नाहींत. त्यांना पाण्याचा पूर नको असतो; पाण्याचा नित्यनेम हवा असतो.

ह्या नेमाचें महत्त्व न जुमानतां केलेला एक प्रयोग महाबळेश्वरास होऊन गेला आहे. हिंवतापावरील कोयनेल ज्या झाडाच्या सालींतून काढीत, तें सिंकोनाचें झाड दक्षिण अमेरिकेंतील डोंगरांवरचें. १८६० च्या सुमारास इंग्रज सरकारनें तें आणून निलगिरीवर लावलें आणि तेथें तें रुजलें. मग महाबळेश्वराजवळ लिंगमळ्यासहि त्याची लागवड करून पाहण्यांत आली. उंची होती, गारवा होता, पाऊस तर हवा त्याहून अधिक. परंतु ती लागवड टिकली नाहीं. चार महिने मुळें पाण्यांत बुडालेलीं आणि आठ महिने कोरडीं, ही रीति त्या परदेशी पाहुण्यास मानवली नाहीं. आज लिंगमळ्याचें नांव आपणांस धबधब्यामुळें माहीत आहे. सिंकोनाची आठवण तेथें जाणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना असेल.

मग अंजनी आणि पिसा हे आठ महिन्यांचा हा उपवास कसा काढतात? एक तर उंचीमुळें. हवेंत हजार मीटर वर गेलें कीं सुमारें सहा-साडेसहा अंश उष्णता कमी होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३७० मीटर, आमचें सोलापूर पावणेपांचशेंच्या आसपास. तेव्हां सोलापुरांत चाळीस-बेचाळीस अंशांनीं अंग भाजत असतें त्या वेळीं तेथें झाडांच्या पानांतून तितकें पाणी उडून जात नाहीं. दुसरें, तेथील झाडांचीं पानें जाड, चकचकीत, जणूं मेण चोपडलेलीं. आंतला ओलावा आंतच राखणारीं. आणि तिसरें, तेथील जांभा दगड. युगानुयुगांच्या पावसानें काळा पाषाण झिजून, त्यांतले क्षार धुऊन जाऊन, लोहाचा तांबडा अंश मागें उरला, तो हा जांभा. तो सच्छिद्र असल्यामुळें पावसाळ्यांतलें पाणी पोटांत घेतो आणि पुढें हळूहळू झऱ्यांच्या वाटेनें सोडीत राहतो. कृष्णा, कोयना, वेण्णा ह्या नद्यांचे उगम त्याच डोंगराच्या कुशींतले. पगार सांठवून ठेवण्याची पेटी म्हणतां येईल ती हीच.

पण हाच जांभा थोड्या अंतरावर झाडाचा वैरी होतो. साताऱ्याजवळचें कासचें पठार २०१२ सालीं जागतिक वारशांत समाविष्ट झाल्यापासून तेथें फुलें पाहण्यासाठीं झुंबड उडते. तेथें पाऊस थोडा नाहीं; तरी पठाराच्या उघड्या सड्यावर वृक्ष म्हणून नाहीं. कारण तेथें जांभ्यावर मातीचा थर कोठें चार बोटें, कोठें तेवढाहि नाहीं. पावसाळ्यांत त्यावर पाणी तुंबतें, उन्हाळ्यांत तो तव्यासारखा तापतो. अशा जागीं एका पावसाळ्यांत जन्मून, फुलून, बीं टाकून मोकळें होणाऱ्या चिमुकल्या वनस्पतींचेंच राज्य. जेथें दगडाला भेग आहे, खळग्यांत माती सांचली आहे, तेथें मात्र लगेच झुडूप उभें राहतें. एकाच दगडाचे दोन गुण. जाडीचा आणि मातीचा तेवढा फरक.

वारा आणि उताराचें तोंड ह्यांचाहि असाच अंमल चालतो. कड्यावरचीं झाडें पावसाळी वाऱ्याच्या माऱ्यानें खुजीं आणि एका अंगास कललेलीं असतात. त्याच जातीचीं झाडें आडोशाच्या दरींत सरळ उंच जातात. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून फिरत असल्यामुळें डोंगराचा दक्षिण उतार लौकर वाळतो आणि उत्तर उतार ओल धरून राहतो. एकाच टेकडीच्या एका अंगास गवत आणि दुसऱ्या अंगास झाडी दिसते, तिचें एक कारण हें. जर्मन पंडित हुंबोल्ट १८०२ सालीं दक्षिण अमेरिकेंतील चिंबोराझो पर्वतावर चढला. त्याला शिखर गांठतां आलें नाहीं, पण चढतांना कोणती वनस्पति किती उंचीवर भेटते ह्याची त्यानें नोंद ठेविली. पुढें १८०७ सालीं त्यानें पर्वताचें एक चित्र प्रसिद्ध केलें. त्यांत वनस्पतींचीं नांवें त्या त्या उंचीवर लिहिलेलीं आहेत. झाडांना पत्ता असतो, आणि तो उंची, उष्णता, ओल ह्यांच्या भाषेंत लिहितां येतो, ही गोष्ट त्या चित्रानें लोकांच्या मनावर ठसविली.

आमच्या घरांतहि ह्या विषयाचा एक लहानसा प्रयोग झाला होता. माझी आई वाईची. लग्न होऊन ती सोलापुरास आली, येथील ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि वैशाखांतल्या झळा तिनें आपल्याशा केल्या. पण महाबळेश्वरच्या रानाची ओढ कांहीं तिची सुटली नाहीं. अंजनीच्या फांद्यांना चिकटून येणारीं तीं निळींजांभळीं फुलें तिच्या फार आवडीचीं. एका वर्षीं ओळखीच्या माळ्यानें दिलेलें अंजनीचें एक रोप ती घेऊन आली आणि विहिरीजवळ तिनें तें लावलें. पाण्याची उणीव तिनें कधीं पडूं दिली नाहीं. घरांत पाणी जपून वापरण्याचे दिवस असले तरी तांदूळ धुतलेलें पाणी त्या रोपाला ठरलेलें. दोन वर्षें तें जगलें. तिसऱ्या वर्षीं मे महिन्यांत त्याच्या पानांच्या कडा करपूं लागल्या आणि मृगापूर्वींच तें गेलें. आई म्हणाली, “मी पाणी घातलें, पण वारा कोठून आणूं?” तिचें म्हणणें बरोबरच होतें. मुळाशीं पाणी असलें तरी भोंवतालची हवा पानांतून तें ओढून घेत होती. शिवाय आमच्या काळ्या मातींत चुनखडी फार, आणि अंजनी वाढलेली पावसानें धुतलेल्या, चुना नसलेल्या तांबड्या मातींत. माणूस परगांवीं गेला तर तो पंखा लावतो, माठ भरतो, वाळ्याचा पडदा सोडतो. झाडाला ह्यांतलें कांहीं करतां येत नाहीं.

येथें नांवांची एक मौज सांगण्यासारखी आहे. आमच्या कोरड्या दख्खनमध्यें आणि खानदेशांतहि ‘अंजन’ नांवाचा एक वृक्ष आहे. पण तो महाबळेश्वरच्या अंजनीचा सगासोयरा नव्हे. त्याचें पान जोडपान, दोन पाळ्यांचें. लांकूड लोखंडासारखें कठीण. हा अंजन खडकाळ, उथळ जमिनींत आपलें मूळ खोल घालून पाण्याच्या शोधांत जातो, आणि जेथें इतर झाडें हाय खातात तेथें सावलीला उभा राहतो. महाबळेश्वरच्या दमट धुक्यांत त्याला नेऊन लावलें तर तेथें तोहि असाच परका ठरेल. उलट जांभूळ पाहा: तें महाबळेश्वरच्या माथ्यावरहि आहे आणि आमच्याकडे ओढ्याच्या कांठींहि आहे. कांहीं जाति उदार स्वभावाच्या असतात, कांहीं एककल्ली. त्यांत श्रेष्ठकनिष्ठ असें कांहीं नाहीं.

पाऊस, उंची, वारा, माती ह्यांच्या जोडीला माणूस आला कीं हा हिशेब गुंतागुंतीचा होतो. आज एखादा डोंगर बोडका दिसला तर तो निसर्गानेंच बोडका ठेवला कीं कुऱ्हाडीनें आणि वणव्यानें केला, हें नुसत्या नजरेनें सांगतां येत नाहीं. अशा वेळीं उपयोगी पडतात त्या देवराया. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां भोंवतालचें रान तुटून गेलें असतांहि देवाच्या धाकानें राखलेल्या त्या तुकड्यांत जुने प्रचंड वृक्ष आणि वेली शाबूत असल्याचें दिसून आलें. देवराई हा त्या जागेचा जुना दाखलाच होय. येथें पूर्वीं कोण राहत होतें, हें तो आपल्याला सांगतो.

कोणी म्हणेल, महाबळेश्वरचीं झाडें महाबळेश्वरास. सोलापुरांतल्या मनुष्यानें त्यांची चिंता कां वाहावी? त्याचें उत्तर पंढरपुरास वाळवंटांत उभें राहिलें कीं मिळतें. आपण जिला चंद्रभागा म्हणतों ती भीमा भीमाशंकराच्या रानांत उगम पावते. तेंहि रान महाबळेश्वरच्याच जातीचें: अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा. १९८५ सालापासून तें अभयारण्य म्हणून राखलेलें आहे. कित्येक वर्षीं आमच्या डोक्यावर आकाश कोरडें ठणठणीत असतें आणि भीमा दुथडी भरून वाहते; तें पाणी घाटमाथ्यावरचें. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, आणि तेव्हांपासून जिल्ह्यांतला ऊस आणि शहरांतले नळ ह्यांचा मोठा भार त्याच पाण्यावर आहे. डोंगरमाथ्यावर झाडोरा असला म्हणजे पावसाचा थेंब पानावर, पाल्यावर, मग मातींत असा पायरीपायरीनें उतरतो; तो नसला म्हणजे तोच थेंब माती उपटून बरोबर घेऊन येतो, आणि धरणाच्या तळाशीं गाळ होऊन बसतो. तेव्हां त्या झाडांचा पत्ता सह्याद्रीचा असला तरी त्यांच्या नांवें येणारी टपाल आमच्या घरीं पोहोंचते.

आणि ह्याच ठिकाणीं मला आज खरी चिंता वाटते. पृथ्वीची हवा तापत चालली आहे हें आतां वादाचें राहिलेलें नाहीं. हवा तापली कीं गारव्याची रेषा डोंगरावर वर सरकते, आणि तिच्या पाठोपाठ झाडांनाहि वर सरकावें लागतें. पेरू देशांतील अँडीज पर्वतावर केलेला एक अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. तेथील झाडांचे बहुतेक प्रकार वर्षाला सरासरी दोन-तीन मीटर वर चाललेले आढळले. झाड अर्थातच पाय उचलीत नाहीं. वरच्या अंगास पडलेलें बीं रुजतें, खालच्या अंगास म्हातारें झाड मेल्यावर त्याची जागा दुसरें कोणी घेतें, आणि अशा रीतीनें पिढ्यांमागून पिढ्या वर जातात. अँडीजला चढावयास हजारो मीटर आहेत. आमच्या सह्याद्रीला कोठें आहेत? एक अंश उष्णता वाढली तर तिची भरपाई करण्यास सुमारें दीडशें मीटर चढलें पाहिजे. महाबळेश्वरचें सर्वांत उंच ठिकाण १४३८ मीटर. अवघ्या महाराष्ट्रांतलें सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तें १६४६ मीटर. अंजनी आणि पिसा आज माथ्यावरच उभे आहेत. त्यांच्या वर आकाश आहे. जो आधींच शेवटच्या पायरीवर बसला आहे, त्याला पुराच्या पाण्यापासून दूर कोठें जा म्हणून सांगावयाचें? त्यांच्यासाठीं एवढेंच करतां येईल कीं, आहे तें रान सलग राखावें, दऱ्याखोऱ्यांतले गार ओलसर आडोसे तोडूं नयेत, आणि वणवा लागूं देऊं नये. एखाद्या रानाला त्याच्या पत्त्यावर सुखानें राहूं देणें हीहि एक मोठी सेवाच आहे.

मागच्या वर्षीं आमच्या वसाहतींतल्या मंडळींनीं शेजारच्या माळावर एक हजार झाडें लावण्याचा बेत केला. हेतु अत्यंत चांगला. निवृत्त माणसें, हातांत वेळ, नातवंडांसाठीं सावली मागें ठेवावी ही इच्छा. रोपांची यादी वाचून दाखविण्यांत आली: गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प, सिल्व्हर ओक, आणि कोणाच्या तरी हौसेखातर हिरडाहि. मला विचारलें तेव्हां मी म्हणालों, “माळावर एकहि नको, ओढ्याच्या कडेनें आणि रस्त्याच्या दुतर्फा लावा.” एक स्नेही रागावून म्हणाले, “अहो, माळ उजाड पडला आहे. तेथें नाहीं लावायचीं तर कोठें?” त्यांची सावलीची मागणी खोटी नव्हती, सोलापूरच्या उन्हांत ती कोणाची खोटी असेल? पण तो माळ उजाड आहे हें म्हणणें मला मान्य करतां येईना.

मी त्यांना दुसऱ्या दिवशीं सकाळीं माळावर घेऊन गेलों. वीतभर मुरूम, त्याखालीं खडक. त्यावर कुसळी गवत. पावसाळ्यांत त्याच माळावर धनगराच्या मेंढ्या चरतात, चंडोल घरटीं करतात. नान्नजला १९७९ सालीं माळढोकासाठीं जें अभयारण्य झालें, तें अशाच गवताळ माळांचें. तो देखणा, भारदस्त पक्षी एके काळीं येथें सुखानें नांदत असे. आतां त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे. त्याला मोकळी जागा हवी, दूरवर नजर पोहोंचावी लागते. आपण पुण्य समजून माळावर झाडांची भिंत उभी केली तर त्याच्या दृष्टीनें ती घर पाडल्यासारखीच. माळ म्हणजे नापास झालेलें जंगल नव्हे. थोडा पाऊस, उथळ माती आणि लांबलचक उन्हाळा ह्या प्रश्नाला निसर्गानें दिलेलें तें बरोबर उत्तर आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर अंजनीचें रान जितकें योग्य, तितकेंच येथें हें गवत योग्य.

शेवटीं पुष्कळ चर्चा होऊन माळ तसाच सोडण्याचें ठरलें. ओढ्याच्या कांठीं करंज, जांभूळ आणि उंबर. रस्त्याच्या कडेला लिंब, चिंच आणि वड. कुंपणालगत बोर आणि हिवर. हजाराऐवजीं दोनशें दहा झाडें लागलीं. संख्या रोडावल्याचें कांहीं मंडळींना अजून वाईट वाटतें, आणि सभेंत तें बोलूनहि दाखवितात. रागावलेले माझे स्नेही मात्र आतां रोज सकाळीं फिरावयास माळाच्याच बाजूनें जातात आणि चंडोल किती दिसले तें मला येऊन सांगतात.

पुढील मृगांत ज्या वाचकांचा झाडें लावण्याचा विचार असेल त्यांना माझी एकच विनंति आहे. रोपवाटिकेंत जाण्यापूर्वीं एक दिवस आपल्या गांवच्या शिवेपर्यंत, जुन्या ओढ्यापर्यंत, असल्यास देवराईपर्यंत पायीं जाऊन यावें. एप्रिल-मेच्या उन्हांत, कोणी पाणी न घालतां, कोणतीं झाडें हिरवीं उभीं आहेत तें पाहावें, आणि कोणत्या जागीं झाडाऐवजीं गवतच आहे तेंहि पाहावें. तेवढी यादी पुरेशी आहे. बरोबर घरांतलीं मुलें असतील तर फारच उत्तम. झाडाचें नांव तीं पुस्तकांतून शिकतीलच, त्याचा पत्ता मात्र तेथें उन्हांत उभें राहिल्यावरच त्यांना समजेल.